आत गेला आणि पहार घेऊन आला

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली की माणूस मराठी विसरतो. म्हणजे बोलतो, पण लिहायला बसला की हातातून दुसरंच काहीतरी उतरतं. 'सदर इसमाने', 'लाथाबुक्क्यांनी मारहाण करून', 'जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने'. माझ्या बायकोला मी एकदा बोरिवलीहून साताऱ्याला पत्र लिहिलं होतं, त्यात मुलीच्या तापाबद्दल 'सदर ताप' असं लिहिलं. ते पत्र ती अजून पाहुण्यांना दाखवते.

निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. संपादकांनी सांगितलं की गाजलेली प्रकरणं नकोत, मनात राहिलेलं एखादं लिहा. मनात राहिलेलं एकच आहे. ते मला नीट कळलेलं नाही, म्हणूनच राहिलंय.

आधी बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. माणूस मेला आणि तो दुसऱ्याच्या हातून मेला, की लोकांच्या भाषेत त्याला खून म्हणतात. कायद्याच्या भाषेत तसं नाही. मारायचंच होतं आणि मारलं, तो खून. रागाच्या भरात, अचानक झालेल्या भांडणात मारलं, तर खून नाही, सदोष मनुष्यवध. त्यातही दोन भाग. मारायचा हेतू होता पण तो त्या भडक्यातून आला, हा पहिला भाग. हेतू नव्हता, पण असा घाव घातला तर माणूस मरू शकतो हे माहीत होतं, हा दुसरा. आणि काहीच मनात नव्हतं, फक्त हयगय झाली, तर आणखी वेगळं कलम. मरणारा सगळ्यांत सारखाच मरतो. शिक्षा मात्र एकीकडे जन्मठेप, फाशीसुद्धा, आणि दुसऱ्या टोकाला दोन वर्षं.

हे सगळं मारणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय होतं यावर ठरतं. आणि डोकं उघडून बघायची सोय खात्यात नाही. मुलुंडला असताना एका दुकानदाराला अटक केली होती. चोऱ्या होतात म्हणून त्यानं दुकानामागच्या कुंपणाला उघडी वीज सोडली होती, तिला चिकटून एक माणूस मेला. तो दुकानदार मला रडत रडत म्हणाला, "साहेब, मी मारला म्हणता, पण मी तर तेव्हा घरी झोपलो होतो!" त्याला कलम समजावून सांगताना माझीच जीभ अडखळली होती. हल्ली तर नवा कायदा आलाय. खुनाच्या तीनशे दोनचं एकशे तीन झालं. माझ्या हातून जन्मभर तीनशे चार म्हणजे मनुष्यवध असं लिहिलं गेलं, आता तीनशे चार म्हणजे हिसकावून नेणं. नवी पोरं पटापट बोलतात, मी मनातल्या मनात भाषांतर करत बसतो.

असो. परबांची गोष्ट सांगतो. नावं बदलली आहेत आणि ठाणं सांगत नाही. कांदिवली आणि बोरिवलीच्या मधली, बैठ्या घरांची वस्ती एवढं पुरे.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. रविवारची दुपार होती. इस्पितळातून फोन आला, डोक्यावर मार लागलेला इसम दाखल झालाय, बेशुद्ध. मी गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर साठी ओलांडलेली एक बाई बसली होती, सुलोचना परब. पदराला रक्त लागलेलं. आत पडलेला सुधाकर हा तिचा मोठा मुलगा. आणि ज्यानं मारलं म्हणत होते तो नंदू, तिचा धाकटा. नंदूनंच भावाला रिक्षात घालून आणलं होतं. तो कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीला टेकून बसला होता. हवालदारानं दंडाला धरलं तर निमूट उठला.

झालं होतं ते असं. परबांच्या दोन खोल्या शेजारीशेजारी. मधल्या भिंतीत वडिलांनी दार पाडलेलं. एका खोलीत सुधाकर, त्याची बायको वैशाली आणि मुलगी. दुसऱ्या खोलीत नंदू, बिनलग्नाचा, ग्रिल बनवायच्या कामावर. आई रांधायची नंदूकडे, निजायची सुधाकरकडे. नंदूचे मित्र येत-जात असत. सुधाकरची मुलगी मोठी होत होती. त्यानं दोन-चारदा सांगून बघितलं, आणि त्या रविवारी बायको-मुलगी घाटकोपरला माहेरी गेल्या असताना विटा-सिमेंट आणून ते दार बुजवून टाकलं. नंदू दुपारी जेवायला आला तर समोर भिंत.

भांडण अंगणात सुरू झालं. शेजाऱ्यांनी ऐकलं. नंदू ओरडत होता, "आईचे गुडघे बघ जरा! गल्लीतून वळसा घालून जायचं का तिनं?" सुधाकर म्हणत होता, "माझं घर आहे, मी बघीन." मग बोलाचाली थांबली. मग आईची किंकाळी. मधलं फक्त आईनं बघितलं होतं.

मी बाकावर तिच्या शेजारी बसून फिर्याद लिहायला घेतली. मी साताऱ्याकडचा, ती मालवणकडची. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही तिची बोली तशीच. ती रडत होती, मध्येच थांबत होती, आत बघत होती. मला तिचे शब्द आठवतात असं मी म्हणतो, पण खरंच आठवतात का, याची आता खात्री नाही. साधारण असे होते: "तो भितर गेलो. पहार हातात होती. दादान कायतरी म्हटल्यान. मगे दादा पडलो." भितर म्हणजे आत, आणि गेलो म्हणजे गेला.

आणि मी लिहिलं: 'त्यानंतर माझा धाकटा मुलगा नंदकिशोर हा रागाने घरात गेला व घरातून लोखंडी पहार घेऊन आला व सदर पहारीने माझा मोठा मुलगा सुधाकर याच्या डोक्यात जोराने मारले.'

वाचून दाखवलं. ती मान हलवत होती. सही केली, वेडीवाकडी, पण स्वतःची.

तेव्हा मला त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. तशी वाक्यं मी शेकड्यांनी लिहिली होती. आत गेला आणि कोयता घेऊन आला, आत गेला आणि बॅट घेऊन आला. पोलिसाचं वाक्य त्याच रुळावरून धावतं.

तिसऱ्या दिवशी सुधाकर गेला. आधी खुनाच्या प्रयत्नाचं कलम होतं, त्याचं तीनशे दोन झालं. घाटकोपरहून आलेली वैशाली ठाण्यात माझ्यासमोर बसली. पस्तिशीची, एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. रडली नाही. म्हणाली, "साहेब, केस वीक नका करू हं. आई त्याला वाचवायला बघणार."

मी म्हणालो, "आईनंच फिर्याद दिलीय."

"दिलीय. बघा तुम्ही."

आता 'आत गेला व घेऊन आला' या पाच शब्दांत काय आहे ते सांगतो. हातात आधीच असलेली वस्तू मारली, तर तो रागाचा भडका. पण जाऊन आणली, तर जायला वेळ लागला, यायला वेळ लागला, त्या वेळात डोकं थंड होऊ शकत होतं. म्हणजे ठरवून मारलं. राग आणि हत्यार यांच्यात जितकी पावलं, तितकी शिक्षा वाढते म्हणा ना. आम्ही पंचनाम्यात अंगणापासून नंदूच्या खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंतची, म्हणजे पहार असायची तिथवरची पावलं मोजली होती. अकरा भरली. मला आठवतं, मी हवालदाराला म्हणालो, अकरा म्हणजे पुष्कळ झाली.

पंचनाम्यात आणखी दोन गोष्टी होत्या. ताज्या बांधलेल्या भिंतीतल्या तीन विटा निखळलेल्या. आणि रक्त अंगणात नव्हतं, नंदूच्या उंबरठ्यावर होतं. थोडं आत, थोडं बाहेर. मी दोन्ही लिहिलं, कारण दिसेल ते लिहायचं हे मला पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. पण त्याचा फिर्यादीशी मेळ काय, याचा विचार केला नाही. कामं खूप होती हे कारण खरं आहे. पण पुरेसं नाही.

खटला चार वर्षांनी उभा राहिला. नंदू तोवर आतच. सुलोचनाबाई साक्षीला आल्या, काठी घेऊन. सरकारी वकील मॅडमनी विचारलं, नंदू आत जाऊन पहार घेऊन आला का?

"नाय," बाई म्हणाल्या. "पहार हातात होती तेच्या. भित फोडी होतो."

मॅडमनी फिर्याद दाखवली. हे तुम्ही सांगितलं होतं ना?

"मी असा बोलूक नाय."

मॅडमनी साक्षीदार फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी दिली. दुभाष्या म्हणून बसलेल्या कारकुनानं बाईंना समजावलं की आता सरकारी वकीलच तुमची उलटतपासणी घेणार. बाईंनी विचारलं, "फितूर म्हंजे?" मागच्या बाकावरून वैशाली मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे फुटलेली." न्यायाधीशांनी तिला दटावलं. सुलोचनाबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं आणि मग शेवटपर्यंत कुणाकडेच नाही.

मला सुलोचनाबाईंचा राग आला नाही. एक मुलगा गेला, दुसरा वाचवते, कुठलीही आई करील. पण खोटं बोलते याबद्दल मला शंका नव्हती.

मग माझी साक्ष. आदल्या दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "भोईटेसाहेब, 'तिनं सांगितल्याप्रमाणे लिहिलं' एवढंच म्हणायचं. पुढे एक शब्द नाही." मी तेवढंच म्हणालो. मग बचाव पक्षाचे वकील उठले. विलेपार्ल्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"तुम्हाला मालवणी येते?"

"समजते."

"बाईंनी फिर्याद मालवणीत दिली?"

"हो."

"यात एकतरी शब्द मालवणी आहे का?"

"नाही."

"मग 'घरात गेला व घरातून पहार घेऊन आला', हे शब्द तिचे की तुमचे?"

मी थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण टंकलेखकानं मान वर केली तेवढा. 'तिचे' म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. त्याआधी पंचवीस वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. त्या दिवशी का कोण जाणे, मी म्हणालो, "शब्द माझे, अर्थ तिचा."

कोर्टात कुणीतरी हसलं. मला स्वतःला ते उत्तर आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाट लावलीत."

निकालात माझं ते वाक्य जसंच्या तसं आलं. फिर्यादीतले शब्द फिर्याद देणाऱ्या बाईचे नाहीत, हे तपास अधिकारीच कबूल करतो. भिंतीच्या विटा निखळलेल्या, रक्त उंबरठ्यावर, घाव एकच. तेव्हा भिंत फोडत असताना अचानक झालेलं भांडण मानावं लागेल. मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही, मृत्यू येऊ शकतो याची जाणीव मात्र होती. सदोष मनुष्यवध, भाग दोन. सात वर्षं, त्यात आधी काढलेली चार धरायची. गंमत म्हणजे बाईंवरही न्यायालयानं विश्वास ठेवला नव्हता. निकालात लिहिलं होतं की ही साक्षीदार फितूर असून तिची साक्ष मुलाच्या प्रेमापोटी आहे. म्हणजे तिचं म्हणणं ग्राह्य धरलं विटांच्या तोंडून, तिच्या तोंडून नाही.

वैशालीनं मला जिन्यात गाठलं. "खून नाही म्हणाले ना?"

"सदोष मनुष्यवध."

"ते काय असतं?"

मी सांगू लागलो. हेतू, जाणीव, भाग एक, भाग दोन. तिनं मध्येच तोडलं. "वध तर राक्षसांचा करतात ना साहेब? माझा नवरा राक्षस होता?"

मी म्हणालो, "नुसता शब्द आहे तो."

"सगळे नुसते शब्दच आहेत तुमचे," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यात पहार बसली ती भाग एक होती की भाग दोन? मुलीला काय सांगू मी? बाबांचा खून झाला असं सांगत होते, आता ते चुकीचं झालं ना?"

पुढे कधी काही लागलं तर असावा म्हणून मी नंबर दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला.

पुढे बदल्या झाल्या, मी निवृत्त झालो. बोरिवलीला घर घेतलं होतं, तिथे राहू लागलो. मागच्या वर्षी एका सकाळी दारात नंदू उभा. केस पांढरे, पण मी ओळखला. पत्ता कुणाकडून तरी काढला होता. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पुन्हा ग्रिलच्या कामाला लागलाय म्हणाला. आईला जाऊन तेरा दिवस झाले होते.

"आईनं सांगितलं होतं, म्हणून आलो," तो म्हणाला. "तिला तो शब्द फार लागला होता. फितूर. मी सुटून आल्यावर पण विचारायची, कागदावरनं काढता येतो का रे तो? जायच्या आधी म्हणाली, त्या साहेबाला जाऊन सांग, मी खोटं बोलले नव्हते."

मी त्याला आत बोलावलं. बसला, खुर्चीच्या कडेवर.

"अंगणात भांडलो आम्ही," तो म्हणाला. "मग मी आत गेलो. पहार आत होती, कॉटखाली. ती काढली."

"म्हणजे मी लिहिलं ते बरोबर होतं," मी म्हणालो.

"हो. पण दादासाठी नाही काढली. भिंत फोडायला काढली. दोन-तीन घाव घातले, विटा हलल्या. आई बघत होती. हातातच होती ती. आई पण बरोबरच बोलली."

मी हे ऐकून घेतलं. माझं वाक्य खरं, तिचं वाक्य खरं. आणि कोर्टात आम्ही ती दोन वाक्यं एकमेकांवर आपटत होतो. ती बाई फितूर ठरून मेली, आणि मी मनातल्या मनात तिला माफ करून टाकलं होतं. कशाबद्दल माफ केलं, हे आता सांगता येत नव्हतं.

मला वाटलं तो उठेल. पण तो बसून राहिला.

"पुढे माझ्या डोक्यात काय होतं ते आईला पण नाही माहीत," तो म्हणाला. "दादा धावत उंबरठ्यावर आला. मला वाटलं मारणार. मारलं नाही. हसला. म्हणाला, 'फोड रे फोड. उद्या परत बांधीन.' साहेब, जजसाहेबांनी लिहिलंय, हेतू नव्हता. पण तेव्हा मला तो मरायलाच हवा होता. तेवढ्यापुरता. पहार उचलताना होतं ते डोक्यात, खाली येईपर्यंत गेलं. तो पडला तर मीच ओरडलो, दादा ऊठ."

बायको चहा घेऊन आली, आमचे चेहरे बघून कप ठेवून परत गेली.

"आता त्याचं काही होत नाही," मी म्हणालो. "एकदा शिक्षा झाली, त्याच गुन्ह्याचा परत खटला नाही चालत."

"ते माहितीये मला. मी ते नाही विचारत. मी खुनी आहे की नाही?"

मी कायदा आठवू लागलो. ठरवून आणली नाही, म्हणजे भाग एक किंवा दोन. पण हेतू होता म्हणतो, म्हणजे दोन नाही, एक. पण भडक्यामागे कारण काय, तर हसणं. हसण्याला कायदा चिथावणी मानील का? आणि जो हेतू उचलताना होता आणि खाली येताना नव्हता, तो कुणाच्या खात्यात? बत्तीस वर्षांत मी शेकडो माणसांच्या नावापुढे कलम लिहिलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकानंही मला बसून असं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, नंदू."

त्यानं कप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "वहिनीला सांगू का हे?"

वैशाली अजून शेजारच्याच खोलीत राहते हे मला तेव्हा कळलं. ते दार तसंच बुजवलेलं. सुलोचनाबाई शेवटपर्यंत गल्लीतून वळसा घालून नातीला भेटायला जात होत्या, काठी टेकत. वैशाली दिराशी एक शब्द बोलत नव्हती.

सांग म्हणावं तर काय होईल कळत नव्हतं. नको म्हणावं तर वैशालीनं मला जिन्यात विचारलेलं आठवत होतं. मी म्हणालो, "तुझं तू ठरव." माझ्या नोकरीत मी कुणाला हे वाक्य बोललो नव्हतो. तो चहा न पिता गेला.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"भोईटेसाहेब ना? मी वैशाली परब."

मी म्हणालो, बोला.

"तो आला होता. नंदू. दारात उभा राहून सगळं सांगितलं. खूनच होता म्हणाला."

"हं."

"मी इतकी वर्षं हेच ऐकायची वाट बघत होते, माहितीये? कुणीतरी म्हणावं, खून होता. कोर्ट म्हणालं नाही, तुम्ही म्हणाला नाहीत. आता तोच म्हणाला. मला वाटलं होतं बरं वाटेल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तो उन्हातून आला होता," ती म्हणाली. "घसा सुकला होता त्याचा, बोलताच येत नव्हतं. मी आत गेले आणि पाणी आणून दिलं त्याला. तो प्यायला आणि गेला. का दिलं मी पाणी? तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलंत ना, कोणाच्या मनात काय होतं ते लिहायचं. सांगा ना, का दिलं?"

ती थांबली होती. खरंच उत्तराची वाट बघत होती. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.